मॉनिटरच्या कोपऱ्यातला हिरवट डाग आणि पृथ्वीचं चुंबकत्व

जुन्या, मागे फुगलेल्या मॉनिटरवर पांढरं पान उघडलं आणि एका कोपऱ्यात हिरवट किंवा जांभळट छटा दिसली, की बहुतेक जण ‘पिक्चर ट्यूब गेली’ म्हणून तो भंगारात काढतात. पुष्कळदा ट्यूबला काहीही झालेलं नसतं. तो डाग चुंबकत्वाचा असतो आणि योग्य उपाय केला तर दोन-चार सेकंदांत निघून जातो. संगणकाच्या मॉनिटरसाठी नव्या पिक्चर ट्यूब आता बनत नाहीत, त्यामुळे चांगली ट्यूब फुकट गेली की मला मनापासून वाईट वाटतं.

ठाणे-नवी मुंबईत या ट्यूब अजून चालू आहेत. वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथल्या लहान कारखान्यांत जुनी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणारी, मशीन आहेत. त्यांच्या पॅनेलमध्ये हीच काचेची नळी असते, तीही मोटर आणि ट्रान्सफॉर्मरच्या अगदी शेजारी. कुणाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर जुन्या संगणकावरच चालतं. आणि जुन्या व्हिडिओ गेमवर जीव असलेली मुलं तर असा मॉनिटर मुद्दाम शोधून आणतात, कारण ते गेम या पडद्यासाठीच आखलेले होते. या सगळ्यांसाठी मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. हा मॉनिटर जिथे ठेवाल, ज्या दिशेला तोंड करून ठेवाल, त्या जागेच्या चुंबकत्वाशी त्याला जुळवून घ्यावं लागतं. हे एकदा कळलं की त्याच्या निम्म्याअधिक तक्रारी तुमच्या तुम्हाला सोडवता येतात.

आधी आत काय चालतं ते पाहू. नळीच्या मागच्या निमुळत्या मानेत इलेक्ट्रॉनच्या तीन गन असतात, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक. इलेक्ट्रॉनना स्वतःचा रंग नसतो. रंग असतो तो पडद्याच्या आतल्या बाजूला लावलेल्या फॉस्फरच्या टिंबांना. इलेक्ट्रॉन आदळला की टिंब उजळतं. पडद्याच्या बाजूला साधारण २५,००० व्होल्टचा दाब दिलेला असतो. त्या ओढीने इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे ९०,००० किलोमीटर वेगाने, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या तीन दशांश वेगाने येऊन पडद्यावर आपटतात. त्यांना डावी-उजवीकडे आणि वर-खाली फिरवण्याचं काम मानेभोवती बसवलेल्या तांब्याच्या गुंडाळ्या करतात. मेकॅनिक त्याला योक म्हणतात. योक हे काम चुंबकीय क्षेत्राने करतो. म्हणजे या मॉनिटरवर चित्र काढलं जातं तेच मुळी चुंबकाने. मग बाहेरच्या चुंबकाने ते बिघडतं यात नवल नाही.

पण चित्र सरकणं वेगळं आणि रंग बिघडणं वेगळं. रंगाची किल्ली आहे शॅडो मास्क. पडद्याच्या मागे साधारण एक सेंटिमीटरवर बारीक भोकांचा धातूचा पातळ पत्रा असतो, चाळणीसारखा. तिन्ही गन थोड्या वेगवेगळ्या कोनांतून एकाच भोकाकडे नेम धरतात. त्यामुळे भोकातून पलीकडे गेल्यावर लाल गनचे इलेक्ट्रॉन लाल टिंबावर पडतात, हिरव्या गनचे हिरव्यावर आणि निळ्या गनचे निळ्यावर. दुकानात ‘पॉइंट टू एट’ म्हणून सांगायचे ते माप याचंच होतं. एकाच रंगाच्या दोन शेजारी टिंबांमधलं अंतर ०.२८ मिलिमीटर. दोन वेगळ्या रंगांच्या शेजारी टिंबांच्या मध्यांत तर जेमतेम ०.१६ मिलिमीटर अंतर असतं. इलेक्ट्रॉन भोकातून जाताना कोन किंचित जरी चुकला, तरी लाल गनचे काही इलेक्ट्रॉन शेजारच्या हिरव्या टिंबावर पडतात. आपल्याला दिसणारा डाग म्हणजे हाच चुकलेला नेम.

हा नेम चुकवायला किती चुंबकत्व पुरतं? आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४३ मायक्रोटेस्ला आहे. होकायंत्राची सुई वळवण्याइतकं, एरवी जाणवतही नाही असं. इलेक्ट्रॉनच्या वाटेला आडवं असं ४० मायक्रोटेस्लाचं क्षेत्र धरून हिशेब केला, तर त्याची वाट सुमारे साडेतेरा मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळते. मॉनिटरच्या आत तो ३० सेंटिमीटरच जातो, तरी तेवढ्यात तो पडद्यावर ३ मिलिमीटर सरकलेला असतो. म्हणजे १० टिंबांहून जास्त! सगळं चित्रच एका बाजूला ३ मिलिमीटर सरकलं तर फारसं कळणारही नाही, मेनूतून ते मध्यावर आणता येतं. पण वाट वळली की भोकातून जाण्याचा कोनही बदलतो. त्या एक सेंटिमीटरच्या फटीत तो बदल टिंबाच्या जागी एक-दोन दशांश मिलिमीटरचा होतो. शेजारच्या रंगाचं टिंब किती दूर आहे ते वर सांगितलंच आहे. म्हणजे कुणी चुंबक जवळ आणलेला नसतानाही, नुसत्या पृथ्वीमुळे, रंगीत मॉनिटरचे रंग बिघडायला हवेत.

ते बिघडत नाहीत ते डीगॉसमुळे. इथे मला थोडं सावकाश सांगायचं आहे, कारण डीगॉसबद्दल बहुतेकांची समजूत अर्धीच असते.

मॉनिटर चालू करताना ‘ढुम्म’ असा आवाज येतो, कधी त्यामागे क्षणभर गुरगुर आणि मग टिक् असा रिलेचा आवाज. तो डीगॉस. बऱ्याच मॉनिटरच्या मेनूत त्यासाठी नालाच्या आकाराच्या चुंबकाचं चिन्हही असतं. ते दाबलं की चित्र एकदम थरथरतं, रंग इकडेतिकडे पळतात आणि शांत होतात. पडद्याच्या कडेने, प्लास्टिकच्या चौकटीच्या आत, तांब्याच्या तारेचं मोठं वेटोळं बसवलेलं असतं. चालू करताच त्यातून घरातल्या विजेचा जोरदार प्रवाह जातो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे प्रवाहाची दिशा सेकंदात ५० वेळा पुढे आणि ५० वेळा मागे. मास्क आणि नळीतलं पातळ पोलादी कवच या क्षेत्रात सापडतं आणि त्यांचं चुंबकत्व दोन्ही दिशांना आलटून पालटून फिरवलं जातं. त्याच वेळी वेटोळ्याच्या वाटेत बसवलेला पॉझिस्टर नावाचा छोटा भाग तापू लागतो. थंड असताना तो प्रवाहाला जवळजवळ मोकळी वाट देतो, तापला की अडवतो. त्यामुळे प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा लहान होत जातो आणि दोन-तीन सेकंदांत सगळं थांबतं.

आता समजूत अशी की, एवढं झाल्यावर मास्कमध्ये चुंबकत्व उरत नाही. तसं झालं असतं तर रंग पृथ्वीमुळे बिघडलेलेच राहिले असते. खरं काय होतं? लोखंडाच्या आत लाखो सूक्ष्म प्रदेश असतात, प्रत्येकाची चुंबकीय दिशा ठरलेली. मोठ्या हेलकाव्यांनी त्या सगळ्यांची जुनी पकड सुटते. मग हेलकावे लहान होत जातात तसे ते प्रदेश एकेक करून स्थिर होतात, आणि स्थिर होताना भोवतीच्या कायमच्या क्षेत्राकडे, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राकडे झुकून बसतात. असं झुकलेलं पोलाद पृथ्वीचं क्षेत्र आपल्या अंगातून वाहून नेतं आणि नळीच्या आतल्या पोकळीत ते फार थोडं पोहोचू देतं. थोडक्यात, डीगॉसने चुंबकत्व पुसलं जात नाही, जुनं चुकीचं चुंबकत्व जाऊन त्या जागेला साजेसं चुंबकत्व बसतं.

यातून रोजच्या वापरातल्या तीन गोष्टी निघतात. मॉनिटर टेबलावर नुसता फिरवला, पूर्वेकडचं तोंड उत्तरेकडे केलं, तरी जुळणी चुकते. पुन्हा डीगॉस करायला हवं. दुसरं, डाग पाडणारा स्पीकर शेजारी तसाच ठेवून डीगॉस केलं तर मास्क त्या स्पीकरशी जुळवून घेतो. तेव्हा डाग फिका झाल्यासारखा वाटेल, पण स्पीकर हलवलात की नवा डाग पडेल. म्हणून आधी स्पीकर दूर आणि मग डीगॉस. तिसरं, डाग पूर्ण गेला नाही म्हणून लोक ते बटण पुन्हा पुन्हा दाबत बसतात. पॉझिस्टर अजून गरम असतो, प्रवाह जातच नाही, दुसरा ‘ढुम्म’ पहिल्यापेक्षा मिळमिळीत येतो. अर्धा तास थांबून दाबलं तर पूर्ण जोर मिळतो.

दिशेची गोष्ट आपल्या भागात जास्त महत्त्वाची का, हे पृथ्वीच्या क्षेत्राच्या झुकावावरून कळतं. मुंबई-ठाण्याच्या परिसरात हे क्षेत्र जमिनीशी साधारण २६ अंशांचा कोन करून खाली झुकलेलं आहे. लंडनला हाच कोन ६५ अंशांच्या पुढे आहे. तिकडे क्षेत्राचा मोठा हिस्सा उभा असतो आणि मॉनिटर कसाही फिरवला तरी तो बदलत नाही. आपल्याकडे उलट, मोठा हिस्सा आडवा, दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारा, सुमारे ३८ मायक्रोटेस्ला. म्हणून इथे तोंड फिरवलं की फरक पडतो. मॉनिटर पूर्व किंवा पश्चिमेकडे तोंड करून असेल तर आडवं क्षेत्र चित्राला वर किंवा खाली ढकलतं. उत्तर किंवा दक्षिणेकडे असेल तर सगळं चित्र किंचित गोल फिरतं, खालची कड टेबलाशी समांतर राहत नाही. मेनूत ‘टिल्ट’ किंवा ‘रोटेशन’ नावाचा पर्याय असतो तो यासाठीच. चांगल्या कंपन्या तर उत्तर गोलार्ध, दक्षिण गोलार्ध आणि विषुववृत्ताजवळचे देश यांच्यासाठी ट्यूब वेगवेगळ्या जुळवून पाठवत असत. परदेशातून कुणी हौसेने आणलेला महागडा मॉनिटर इथे जरा रुसल्यासारखा वागतो त्याचं एक कारण हे असू शकतं.

या क्षेत्राचं मोजमाप आपल्या अगदी उंबऱ्याशी झालेलं आहे, हे मला इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजलं जात होतं. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या प्रवाहाने मोजमापं बिघडणार हे ओळखून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागला हलवली आणि तिथली इमारतही चुंबकीय नसलेल्या दगडात बांधली. विजेची ट्राम मुंबईत १९०७ साली धावली. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे आणि ती चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे. विजेवरची गाडी नाजूक चुंबकीय यंत्राला त्रास देते हे मुंबईत शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच माहीत होतं. गाडीकडे पुढे येतेच.

आधी घरातले चुंबक. सगळ्यात मोठा दोषी म्हणजे स्पीकर. टेपरेकॉर्डरचा सुटा स्पीकर किंवा होम थिएटरचा वूफर मॉनिटरला चिकटून ठेवला की त्या बाजूला रंगाचा ढग दिसतो. संगणकासोबत मिळणाऱ्या स्पीकरमध्ये मागे उलटा बसवलेला दुसरा चुंबक आणि पोलादी टोपी असते, ती बाहेर जाणारं क्षेत्र बरंचसं रोखते, म्हणून ते चालतात. फ्रिजवर लावायचे चुंबक, मुलांची चुंबकाची खेळणी, चुंबकाच्या टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर, हे सगळं पडद्यापासून हातभर दूर हवं. आणि पडद्यावर चुंबक फिरवून रंग बघायची गंमत मुलांना दाखवू नका. जोरदार चुंबक मास्कला इतकं बदलवतो की आतलं वेटोळं ते निस्तरू शकत नाही. हिरव्या किंवा पांढऱ्या एकाच रंगाच्या जुन्या मॉनिटरला मात्र मास्कच नसतो. तिथे चुंबक जवळ असेपर्यंत चित्र वाकडं होतं, दूर नेला की सरळ. डाग पडतच नाही. सीएनसी मशीनवरचे जुने लहान पडदे बरेचदा याच जातीचे असतात.

आता थरथर. ही वेगळी तक्रार आहे आणि तिचं कारणही वेगळं. कायमचा चुंबक डाग पाडतो. घरातल्या विजेचं सतत उलटसुलट होणारं क्षेत्र डाग पाडत नाही, पण चित्र हलवतं. साधारण १ मायक्रोटेस्ला इतकं बदलतं क्षेत्र पुरतं. पृथ्वीचं क्षेत्र त्याच्या चाळीसपटीहून जास्त, पण ते स्थिर असतं म्हणून डोळ्यांना खटकत नाही.

नौपाड्यात ओळखीच्या एका काकांचं तळमजल्यावर कर सल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. त्यांचा सतरा इंची मॉनिटर दिवसभर थरथरायचा.

“अगं, दोन मेकॅनिक येऊन गेले. एक म्हणाला ट्यूब, दुसरा म्हणाला सर्किट. संध्याकाळपर्यंत डोकं धरतं माझं.”

मी आधी एक्सेलचं पान उघडलं आणि उभ्या रेषांकडे बघत बसले. रेषा जागच्या जागी नागमोडी हलत होत्या, सेकंदाला आठ-दहा वेळा. रंग मात्र चोख, कुठेही डाग नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ होता. तो ८५ केला. थरथर एकदम बारीक आणि जलद झाली, अक्षरं नुसती जराशी भुरकट दिसू लागली.

“काका, या भिंतीपलीकडे काय आहे?”

“मीटर रूम. सगळ्या बिल्डिंगचे मीटर. का गं?”

झालं ते असं. मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र काढतो, भिंतीतलं क्षेत्र सेकंदाला ५० वेळा हेलकावतं. दोन्हींतला फरक १०, म्हणून चित्र सेकंदाला १० वेळा डुलतं आणि आपल्या डोळ्यांना नेमका हाच वेग फार बोचतो. ८५ केल्यावर फरक ३५ होतो, डोळ्यांना तो वेग धड पकडता येत नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथे ६० वर ठेवलेला मॉनिटर असा दहाच्या वेगाने थरथरत नाही, चित्र फार तर सावकाश लाटेसारखं वाकतं. तिकडच्या लोकांनी लिहिलेले उपाय इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत ते यामुळे.

मीटर रूममध्ये इमारतीच्या मुख्य तारा येतात. येणारी आणि जाणारी तार एकमेकींना चिकटून असतील तर त्यांची क्षेत्रं एकमेकांना जवळजवळ मारून टाकतात. पण त्या लांब लांब बांधल्या असतील तर तसं होत नाही. १०० अँपिअरचा प्रवाह आणि दोन तारांत १० सेंटिमीटर अंतर असेल, तर १ मीटरवर सुमारे २ मायक्रोटेस्ला क्षेत्र मिळतं, थरथरीच्या मर्यादेच्या दुप्पट. २ मीटरवर तेच अर्धा मायक्रोटेस्ला होतं, कारण अंतर दुप्पट झालं की क्षेत्र चौथाई होतं. काकांचं टेबल भिंतीपासून समोरच्या खिडकीपाशी नेलं आणि चित्र स्थिर झालं. तोंड फिरलं होतं म्हणून एकदा डीगॉस केलं. एक रुपया खर्च न होता काम झालं. ट्यूब उत्तम होती, फोकस तर नव्यासारखा.

अशी थरथर दिसली तर पहिली परीक्षा तीच. मॉनिटर चालू ठेवूनच, वायर पुरेल तितका, दुसऱ्या जागी न्या. जागेसोबत थरथर बदलली तर दोष बाहेरचा, आणि मग यूपीएस, स्टॅबिलायझर, पंख्याचा रेग्युलेटर, भिंतीतली मुख्य लाइन, शेजारचा दुसरा मॉनिटर, असं एकेक शोधा. हो, दुसरा मॉनिटरही. प्रत्येकाच्या योकचं क्षेत्र बाहेर सांडतं, आणि एक ६० वर व दुसरा ७५ वर असेल तर दोघंही एकमेकांना हलवतात. दोघांचा रिफ्रेश रेट सारखा करा किंवा मध्ये फूटभर जागा सोडा. थरथर कुठेही नेली तरी तशीच राहिली तर दोष आतला, बहुधा पॉवर सप्लायचा फिल्टर कपॅसिटर म्हातारा झालेला. मॉनिटरमागे अॅल्युमिनियमचा पत्रा किंवा फॉइल लावण्याचा सल्ला ऐकू येतो. ५० हर्ट्झचं क्षेत्र त्याने अडत नाही. लोखंडी पत्र्याने थोडं अडतं, पण तो पत्रा स्वतः चुंबक होऊन बसू शकतो. अंतर हाच सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय.

आता गाडी. मुंबईची पहिली विजेवरची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला हार्बर मार्गावर धावली, १,५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. वाशीपर्यंत हार्बर १९९२ साली पोहोचली तेव्हाही डीसीच होती, आणि वाशी, बेलापूर इथे सिडकोने स्थानकाच्या डोक्यावरच ऑफिसांच्या इमारती बांधल्या. संगणकावरच्या पडद्यांचा तो भरभराटीचा काळ. नऊ डब्यांची गाडी सुटताना हजार अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते, तो वरच्या तारेतून येतो आणि साडेपाच-सहा मीटर खालच्या रुळांतून परततो. दोन तारांचा वरचाच हिशेब लावला, तर १० मीटरवर ढोबळमानाने ११ मायक्रोटेस्ला येतात, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राचा चौथा हिस्सा. डीसी असल्यामुळे थरथर नाही, पण गाडी सुटताना चित्र पाऊण मिलिमीटरभर सरकणार आणि गाडीने वेग घेऊन प्रवाह कमी केला की परत जागेवर येणार. बाकी कसलाच दोष नसलेला मॉनिटर अधूनमधून हळूच सरकतो, वेळ मात्र गाड्यांच्या वेळेशी जुळते, अशी तक्रार रुळांजवळच्या माणसाने केली तर ती खरीच मानायची. ठाण्याचा मध्य मार्ग २०१४ पर्यंत आणि हार्बर २०१६ पर्यंत २५,००० व्होल्ट एसीवर आला. तेवढ्याच ताकदीला प्रवाह आता सोळा-सतरापट कमी लागतो, आणि त्याच १० मीटरवर क्षेत्र १ मायक्रोटेस्लाच्या खाली येतं.

काही गोष्टी चुंबकत्वाच्या नसतात, तरी लोक त्यांना दोष समजतात. सोनीच्या ट्रिनिट्रॉन ट्यूबवर पांढऱ्या पानात एक किंवा दोन बारीक आडव्या सावल्या दिसतात. हा बिघाड नव्हे. त्या ट्यूबमध्ये भोकांच्या पत्र्याऐवजी उभ्या बारीक पट्ट्या ताणलेल्या असतात आणि त्या हलू नयेत म्हणून आडवी तार बांधलेली असते. तिचीच ती सावली, आणि ती जात नाही. भडक पांढरं चित्र बराच वेळ ठेवल्यावर मध्येच रंग किंचित बदलला तर मास्क तापून फुगलेला असतो, कारण बहुतेक इलेक्ट्रॉन भोकांतून न जाता मास्कवरच आपटतात. म्हणून चांगल्या मॉनिटरचा मास्क इन्वार या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूचा असतो, तो तापून फारच थोडा प्रसरण पावतो. हा मिश्रधातू शोधणाऱ्या शार्ल गियोमला १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पांढरी खिडकी उघडताच चित्र थोडं मोठं झालं तर तो उच्च दाबाचा पुरवठा कमी पडल्याचा परिणाम. आणि आपल्या पावसाळ्यात सकाळी चालू केल्यावर अक्षरं धूसर, अर्ध्या तासाने आपोआप ठळक, हे तर घरोघरी दिसायचं. ट्यूबच्या मानेवरच्या सॉकेटमध्ये किंवा ईएचटीच्या, म्हणजे उच्च दाब तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, फोकसच्या भागात दमट हवा शिरते आणि तापल्यावर सुकते. सोबत सू-सू आवाज आणि ओझोनचा उग्र वास येत असेल तर मात्र मॉनिटर बंद करून मेकॅनिकला बोलवा.

आतल्या डीगॉसने डाग गेला नाही तर मेकॅनिककडचं हातातलं डीगॉस कॉइल वापरावं लागतं. चांगला मेकॅनिक ते कसं वापरतो हे बघण्यासारखं असतं. तो कॉइल मॉनिटरपासून दूर धरूनच चालू करतो, मग पडद्यापाशी आणून सावकाश गोल गोल फिरवतो, फिरवत फिरवतच मागे सरकतो आणि दोनेक मीटरवर गेल्यावर कॉइल आडवं वळवून बंद करतो. मागे सरकणं म्हणजे हेलकावे लहान करत जाणंच, पॉझिस्टरचं काम तो पायांनी करत असतो. पडद्याजवळच बटण सोडलं तर त्या क्षणी जी दिशा असेल तीच मास्कमध्ये बसते आणि डाग पहिल्यापेक्षा वाईट होतो. कॉइल आणण्याआधी घड्याळ, एटीएम कार्ड आणि टेबलावरच्या फ्लॉपी बाजूला ठेवायला सांगणारा मेकॅनिक असेल तर त्याला काम येतं असं समजा.

यानंतरही डाग तिथेच, तसाच राहिला, आणि विशेषतः मॉनिटर टेम्पोतून कुठे नेताना पडला असेल, तर मास्क वाकला आहे. तो आत निर्वात काचेत आहे, दुरुस्त होत नाही. मागचं कव्हर मात्र स्वतः उघडू नका, कारण बंद केल्यावरही काचेवर साठलेला हजारो व्होल्टचा भार बराच वेळ राहतो. ट्यूबच्या मागच्या शंकूच्या काचेत साधारण पाचवा हिस्सा शिशाचं ऑक्साइड असतं आणि तांब्याचा योक काढण्यासाठी भंगारात ती फोडली जाते. म्हणून असा मॉनिटर फेरीवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या, आणि देण्याआधी शक्य असेल तर योक, ईएचटी आणि नीट चालणारी बोर्डं एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून काढून ठेवा. तुमच्याच ओळखीतल्या कुणाच्या तरी चांगल्या ट्यूबला त्यांची गरज पडणार आहे.